अक्कासाठी मऊ टायर

गाडीचे टायर बदलायचे असतील तर माणसाने ते चोरासारखे गुपचूप बदलावेत. कुणाला सांगू नये, कुणाला विचारू नये, आणि अंगणात गाडीभोवती फिरत टायरवर लाथ तर मुळीच मारू नये. मी मारली. सकाळी साडेसात वाजता, लुंगी नेसून, समोरचे हाजी मन्सूर कुंड्यांना पाणी घालत असताना मारली. त्यानंतरचे पाच आठवडे माझे जे हाल झाले त्याला मी स्वतःच जबाबदार आहे, हे आधीच कबूल करून टाकतो. एकतीस वर्षं क्वालालंपूरच्या उत्तरेकडच्या इपो शहरात, जमीन कचेरीत काढली, शेवटची नऊ हेडक्लार्क म्हणून. कबुली आधी आणि कारणं मागाहून दिली की फाइल लवकर बंद होते, एवढं मला कळतं.

लाथेचं कारण माझी अक्का. राजम्मा अक्का माझ्याहून सोळा वर्षांनी मोठी. सुंगाइ सिपुटजवळच्या रबराच्या मळ्यात अम्मा आणि ती दोघी झाडांना चिरा देऊन चीक काढायच्या, आणि त्या कमाईवर मी शाळा शिकलो. हल्ली ती आमच्याकडेच असते. मे महिन्यात न्हाणीघरात पाय घसरून पडली आणि मणक्याला चीर गेली. आठ दिवसांनी हॉस्पिटलातून सोडताना डॉक्टर म्हणाले, "बाकी सगळं चालेल, फक्त हादरे नकोत."

आणि तिला घरी आणायला मी घेऊन गेलो होतो माझी गाडी.

गाडीबद्दल दोन शब्द सांगतो, कारण पुढे तिची कीव करायला तेवढे लागतील. गाडी जर्मन, लांबलचक, काळी, आणि कुणा वकिलाने वापरून सोडलेली. निवृत्त झाल्यावर माणूस तीर्थयात्रेला जातो, मी ही घेतली. तिचे टायर खास होते. हवा गेली तरी बसत नाहीत, पंक्चर झालेलं असतानाही ऐंशी किलोमीटर धावतात. त्यासाठी त्यांच्या बाजूच्या भिंती इतक्या जाड आणि कडक केलेल्या असतात की रस्त्यावर पडलेली काडी चिंचेची की आंब्याची हे बसल्या जागी सांगता यावं. हॉस्पिटलपासून घरापर्यंत अकरा गतिरोधक आहेत. पहिल्याला अक्काने डोळे मिटले. चौथ्याला माझ्या बायकोचा, तिलगाचा, हात धरला. अकराव्याला तिचे ओठ पांढरे पडले होते. जन्मभर जिने रबर काढलं तिलाच ते आता टोचत होतं. घरी पोचल्यावर म्हणाली, "गाडी छान आहे हं, तंबी. आत काय गारवा!"

त्रेसष्टाव्या वर्षीही मी तिचा तंबीच, धाकटा भाऊ.

त्याच संध्याकाळी ती म्हणाली, "मला एकदा मळ्यात मुनियांडीला जायचंय. या रविवारी नेशील?"

मळा विकला गेला होता. तिथे आता घरं होणार होती. आमच्या मुनियांडीचं, म्हणजे मळ्याच्या राखणदार देवाचं, देऊळ रस्त्याकडेला नव्या जागी हलवायचं देवळाच्या कमिटीने ठरवलं होतं, आणि हलवायचा मुहूर्त होता तिथून पाचव्या रविवारी. अक्काने जन्मात माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी म्हटलं, "नेतो ना! फक्त हे दगडी टायर काढून साधे मऊ टायर बसवतो. आठ दिवसांचं काम आहे. तुला पाळण्यात बसल्यासारखं वाटेल, बघ."

ती म्हणाली, "बरं."

तर दुसऱ्या दिवशी लाथ. हाजी मन्सूर पाण्याची नळी तशीच वाहती सोडून रस्ता ओलांडून आले. हे आयुष्यभर अग्निशामक दलाचा बंब चालवत होते, त्यामुळे चार चाकांचं जे जे काही असेल त्यावर शेवटचा शब्द यांचा.

"कदिर, टायरला लाथ मारून काय होतं? तुझाच अंगठा दुखेल."

मी कारण सांगितलं. हाजी उकिडवे बसून टायरकडे बघत राहिले.

"साधे घालशील. मग रस्त्यात पंक्चर झालं तर? जादा चाक कुठे आहे तुझ्याकडे?"

डिकी उघडली. जादा चाकाला जागाच नव्हती. जे टायर बसतच नाहीत त्यांना जादा चाक कशाला, असा जर्मन विचार. तेवढ्यात शेजारचे मिस्टर याँग आले. हे निवृत्त फार्मासिस्ट. वर्तमानपत्रातल्या सगळ्या अपघातांची कात्रणं कापून वहीत चिकटवतात. ते म्हणाले, "विम्याला कळवलंत का? टायरची जात बदलली आणि पुढे काही झालं तर ते हात वर करतात. माझ्या वहीत आहे." त्यांच्या वहीत सगळंच असतं.

हाजी उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "त्यापेक्षा असं कर. माझी जुनी व्हॅन ने. मागची सीट गादीसारखी आहे. रविवारी अक्काला घाल तिच्यात आणि जाऊन ये. मीच चालवतो की!"

हाजींची व्हॅन तुम्ही पाहिलेली नाही. तिचा एक दरवाजा दोरीने बांधलेला आहे, आणि तिच्यातून ते बकऱ्या नेतात. ज्या मळ्यातून मी शिकून बाहेर पडलो, त्या मळ्यात माझ्या बहिणीला बकऱ्यांच्या व्हॅनमधून घेऊन जाऊ? आणि दारात माझी काळी गाडी उभी असताना? मी फार गोड आवाजात म्हणालो, "कशाला तुम्हाला त्रास, हाजी? आठ दिवसांचं तर काम."

टायरचं दुकान वाई मेंगचं. सज्जन माणूस, पण त्याची जीभ फक्त वाईट बातमी देताना चालते. त्याने माप बघितलं आणि मान हलवली. "अंकल, या मापाचे मऊ टायर इथे कोण ठेवतो? क्वालालंपूरहून मागवायला लागतील." आले दहा दिवसांनी. तोवर पहिला रविवार गेला, दुसरा गेला. दोन्ही रविवारी अक्का सकाळी अंघोळ करून, तिची ती पिवळ्या काठाची साडी नेसून पुढच्या खोलीत बसली होती. मी म्हटलं, "अक्का, या रविवारी नाही ग." ती म्हणाली, "बरं," आणि आत जाऊन साडी बदलली.

टायर आले. जुने काढताना वाई मेंगच्या मशीनने दोनदा दम टाकला. शेवटी त्याने एक चाक उचलून उजेडात फिरवलं आणि मला जवळ बोलावलं. त्याने नुसतं जवळ बोलावलं तरी माझी पाचावर धारण बसायची.

"अंकल, रिम वाकलीय. टायर कडक, खड्ड्याचा सगळा मार रिमवर. यावर मऊ टायर बसवला तर हवा राहणार नाही."

"मग?"

"सरळ करायला पेनांगला पाठवू. सहा-सात दिवस."

गाडी तीन चाकांवर आणि एका लाकडी ओंडक्यावर त्याच्या दुकानात उभी राहिली. माझी कॉफीची जागा नेमकी समोर. येणारा जाणारा विचारी, "कदिरेसन, तुमचीच ना ती गाडी, ओंडक्यावरची?" मी कॉफी पिणं सोडलं. तिसरा रविवार गेला.

काढलेले चार जुने टायर मात्र माझे होते, आणि टाकून द्यायला जीव होईना. पोर्चमध्ये एकावर एक रचून ठेवले. तो विषय तिथेच संपला असं मला वाटलं होतं. आमच्याकडे संध्याकाळचा पाऊस रोजचाच, आणि टायर म्हणजे पाणी साठवायला केलेली वस्तू. आठवडाभराने आरोग्य खात्याची डेंग्यूवाली बाई आली. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात ड्रॉपर. तिने वरच्या टायरमधलं पाणी बाटलीत घेतलं आणि मला दाखवलं.

"अंकल, बघा. पोहतायत."

पोहत होते. एव्हाना हाजी आले होते, याँग आले होते, पलीकडच्या गल्लीतल्या दोन बायका पोरांना घेऊन आल्या होत्या. बाईने त्या सगळ्यांसमोर मला डासाची चार रूपं समजावून सांगितली, मागाहून ती म्हणूनही दाखवायला लावली. याँगनी वहीत काहीतरी लिहिलं. जाताना फाटकावर नोटीस चिकटवून गेली. एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या फाटकांवर नोटिसा चिकटवायला माणसं पाठवली, पण चिकटवलेली नोटीस आतल्या बाजूने कशी दिसते हे मला ठाऊक नव्हतं. तिलगा म्हणाली, "शोभा झाली तेवढी पुरे. आत या आता."

पेनांगहून रिम आली, टायर चढले. चौथा रविवार तीन दिवसांवर होता. मला आता थांबायचं काही कारण नव्हतं. पण याँगची वही माझ्या डोक्यात बसली होती. कागद नसताना गाडी रस्त्यावर काढायची माझी छाती होईना. विम्याच्या कचेरीत गेलो. काउंटरवर मिस शरीफा नावाची हसतमुख मुलगी होती.

"गाडीत काही बदल केलाय का?"

"फक्त टायर बदललेत."

"म्हणजे बदल केलाय. मग वाहन तपासणीवाल्यांचं परवानगीचं पत्र लागेल."

तपासणीवाल्यांकडे गेलो. तिथला गृहस्थ माझ्यासारखाच, हेडक्लार्कच्या अंगकाठीचा.

"टायर बदलायला परवानगी लागत नाही."

"असं लिहून द्याल का?"

"जी लागत नाही तिचं पत्र कसं देणार?"

"विमावाले मागतायत हो."

"मग त्यांच्याकडून लिहून आणा, की असं पत्र लागतं म्हणून."

तो बोलत होता आणि मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो. हा चेहरा मी एकतीस वर्षं लावून बसलो होतो. तेव्हा लोक मला काय काय म्हणत असतील ते सगळं त्या दुपारी मी त्याला मनातल्या मनात म्हणून घेतलं. चौथा रविवार या दोन कचेऱ्यांच्या मध्ये कुठेतरी गेला. अक्का त्या दिवशी साडी नेसून बाहेर आली नाही. मला वाटलं, झोप लागली असेल.

पुढच्या मंगळवारी पत्र मिळालं. दोन ओळींचं. टायर बदलण्यासाठी पत्राची आवश्यकता नाही, असं त्या पत्रात लिहिलं होतं. मिस शरीफाने ते फाइलला लावलं आणि म्हणाली, "झालं, अंकल." मी बाहेर येऊन गाडीच्या टपावर हात फिरवला. इतका आनंद मला निवृत्तीच्या हारानेही झाला नव्हता.

पाचवा रविवार उजाडला. देव हलवायचा मुहूर्त दुपारी बाराचा. आम्ही आठ वाजता निघणार, तर तिलगा म्हणाली, "नवे टायर म्हणजे गाडीचे नवे पाय. लिंबं चिरडल्याशिवाय मी अक्काला यात बसू देणार नाही. चार-पाच मिनिटांचं काम."

तुम्हीच सांगा, याला नाही कसं म्हणायचं? घराजवळच्या देवळापुढे गाडी उभी केली. गुरुक्कलनी, म्हणजे तिथल्या पुजाऱ्यांनी, चारही चाकांखाली चार लिंबं ठेवली, कापूर ओवाळला, टायरना चंदन-कुंकू लावलं आणि गाडीपुढे नारळ फोडला. असा फोडला की करवंटीच्या ठिकऱ्या उडाल्या. "चला पुढे!" मी गाडी पुढे घेतली. लिंबं फुटली, आणि पुढच्या डाव्या चाकाखाली काहीतरी करकरलं.

"गुरुक्कल, कसला आवाज आला?"

"शुभ आहे," ते म्हणाले.

आणि खरं सांगतो, पुढचा पाऊण तास शुभच होता. गतिरोधक आले आणि गेले. मी आरशातून अक्काकडे बघत होतो. ती खिडकीबाहेर बघत शांत बसली होती, तिलगाच्या खांद्याला टेकून. एकदा तिने विचारलं, "चालतेय ना रे गाडी?" मला हसू आवरेना. पाच आठवड्यांची सगळी मानहानी त्या एका वाक्यात फिटली असं मला वाटलं.

हमरस्ता सोडून मळ्याच्या कच्च्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना आता रबराऐवजी तेल-ताडाची झाडं, मध्ये एकच गाडी मावेल एवढी वाट. दोन-अडीच किलोमीटर राहिले असतील, आणि समोर लाल दिवा लागला. मग स्टिअरिंग डावीकडे ओढायला लागलं. उतरून बघितलं तर पुढचा डावा टायर जमिनीला टेकला होता, आणि त्याच्या मऊ भिंतीत, चंदनाच्या टिळ्याच्या जरा खाली, नारळाच्या करवंटीची ठिकरी रुतून बसली होती. जुन्या टायरला तलवार मारली असती तरी काही झालं नसतं.

जादा चाकाऐवजी वाई मेंगने एक बाटली दिली होती. ती टायरला लावायची, आतून भोक बुजतं. लावली. पांढरा फेस त्या चिरेतून फसफसून बाहेर आला आणि माझ्या चपलेवर सांडला. हाजींना फोन केला.

"हाजी, टायर बसला."

"कसा बसेल? तुझे तर न बसणारे ना?"

"ते काढले."

मग ते म्हणाले, "हो रे, काढलेस." आणि गाडी उचलायला माणूस पाठवतो म्हणाले. तो यायला दोन तास.

तेवढ्यात समोरून उरुमी वाद्य आणि ढोल ऐकू आले. वाटेवरून एक लॉरी येत होती. हौद्यात केळीचे खांब, माणसं, आणि मधोमध पिवळं कापड गुंडाळलेला आमचा मुनियांडी. मुहूर्त बाराचा होता, पण जागा साफ करणाऱ्या मशीनवाल्यांनी घाई केली म्हणून नऊलाच उचलला होता. वाट अरुंद, मध्ये माझी गाडी. देवाला थांबावं लागलं.

लॉरीतून कमिटीचा मुरुगय्या उतरला. याच्या बापाबरोबर अक्का एका रांगेत काम करायची. त्याने अक्काला बघितलं आणि दोन्ही हात डोक्यावर नेले. "अक्का! तुला येता येईना म्हणून देवच तुझ्याकडे आला!" सगळ्यांनी आरोळी ठोकली. कापूर आणला, भस्म आणलं, गाडीच्या खिडकीतून अक्काला लावलं. बायकांनी डोळे पुसले. मी चपलेवरचा फेस गवताला पुसून ताठ उभा राहिलो. काही का होईना, दर्शन झालं होतं. माझा जीव भांड्यात पडला.

अक्काने हात जोडले. मग तिने विचारलं, "मुरुगय्या, वड आहे ना रे अजून?"

"कुठला वड, अक्का! पाडला. मागच्या मंगळवारी मशीन आली. सोमवारपर्यंत उभा होता."

चाकं खोल गवतात घालून, देवाला तिरपा करत लॉरी कशीबशी बाजूने निघून गेली. ढोल लांब गेले.

मी तिच्या दाराशी वाकून म्हटलं, "अक्का, देव तर भेटला ना?"

"भेटला की. तो काय, नव्या जागीही भेटला असता. तिथवर बस जाते म्हणे." ती समोरच्या वाटेकडे बघत होती. "मला वड बघायचा होता, तंबी. त्याच्या फांदीला तुझी झोळी बांधायचे. अम्मा आणि मी रांगेत कामाला. दर दहा झाडांनी मी मागे वळून बघायचे, झोळी हलतेय का म्हणून."

"मग बोलली का नाहीस?"

"पहिल्याच रविवारी चल म्हटलं होतं की."

"पण तुझी पाठ, अक्का..."

"पाठ माझी आहे रे," ती म्हणाली. रागाने नाही, नुसतंच.

मी रस्त्याच्या कडेला गवतात बसलो. मागचा मंगळवार. त्या मंगळवारी मी पत्राची गरज नाही असं पत्र हातात घेऊन गाडीच्या टपावरून हात फिरवत होतो. पहिल्या रविवारी झाड होतं. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या रविवारीही होतं. बकऱ्यांच्या व्हॅनमधून ती वडाखाली जाऊन बसली असती, आणि कुणाचं काही बिघडलं नसतं. बिघडला असता तो फक्त माझा तोरा. मला फार लाज वाटली. तिलगा माझ्याकडे बघत होती.

"किती राहिलंय?" अक्काने विचारलं.

"दोन किलोमीटर. पण अक्का, टायरमध्ये हवा नाही. हादरे बसतील."

"बसू देत. चल."

मी गाडी चालू केली. माणूस चालेल तेवढ्याच वेगाने गेलो. धब, धब, धब. पेनांगहून सरळ होऊन आलेली रिम दगडांवर वाजत होती. त्या गाडीचं मला पहिल्यांदाच काही वाटत नव्हतं. तिलगाने अक्काला दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. मी सारखा आरशात बघत होतो, तर अक्का म्हणाली, "पुढे बघ."

देऊळ होतं तिथे लाल मातीचा खड्डा होता. मजुरांच्या लायनीतली घरं आधीच गेली होती. वडाचा बुंधा तेवढा राहिला होता, जेवणाच्या मेजाएवढा रुंद, आणि त्याच्या कडेने पांढरा चीक येऊन वाळला होता. आम्ही दोघांनी धरून अक्काला तिथवर नेलं. तिने बोटाने तो चीक चाचपून बघितला, इतकी वर्षं रोज बघायची तसा. मग हळूच बुंध्यावर बसली. घाम फुटला होता तिला.

"दुखतंय का ग, अक्का?" मी विचारलं.

पाच आठवड्यांत हे मी तिला पहिल्यांदाच विचारत होतो.

"हो," ती म्हणाली. "खूप दुखतंय. बस जरा इथे."